आंब्याची अढी

मंडईंतील पिवळाधमक आंबा पिकलेलाच असतो असें नव्हे. कॅल्शियम कार्बाइडनें सालीस रंग चढतो. गर पुष्कळदां आंबटच राहतो. त्या भुकटींत सोमलाचा अंश असूं शकतो. म्हणूनच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं तिनें फळें पिकविण्यास मनाई केली आहे. यास्तव आम्ही खांदे भरलेला हिरवा हापूस देठासकट घेतों, भाताच्या पेंढ्यांत अढी घालतों व रोज चाळून डागी फळ वेगळें काढतों. घमघमाट सुटून फळ किंचित् मऊ झालें, म्हणजे मगच तें शीतकपाटांत जातें. कच्चें ठेवल्यास थंडीनें त्याचें पिकणें बिघडतें. अढीपाशीं घुटमळणाऱ्या मुलांस आठ-दहा दिवस थोपविणें कठीण खरें; पण जें फळ त्यांच्याच मुखीं जावयाचें, त्याच्या बाबतींत घाई काय कामाची?