शिवाजीनगरातले कोल्हापूरकर

शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस ग्राउंडवर तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. एखादं एक्झिबिशन, मैत्रिणीच्या भावाचं रिसेप्शन, नाहीतर जवळच आरटीओत लायसन्सचं काम. मीही तशीच जायचे. तिथला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघायचा, 'सही आहे!' म्हणायचं आणि चहा शोधायला निघायचं. बस्स.

गेल्या महिन्यात ऑफिसात लंचला रिझर्वेशनवरून वाद पेटला. 'व्होटबँकेसाठी काढलेलं खूळ आहे हे,' एक जण म्हणाला. मी गप्प. खरं तर माझे पणजोबा शाहू महाराजांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या एका बोर्डिंगात राहून शिकले, आमच्या घरातले पहिलेच. ते सांगायला जीभ का रेटली नाही, कुणास ठाऊक. शनिवारी सकाळी मात्र पाय या पुतळ्याकडे वळले, कारण हे स्मारकही शाहू महाराजांच्याच पुढाकाराचं.

१८९४ मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, ते गादीवर आले. डोक्यावर इंग्रज सरकार होतंच. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले आणि ते तिकडे असतानाच, २६ जुलैला, कोल्हापुरात हुकूम निघाला: संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. व्होटबँक? अहो, राजाला कसली आलीय निवडणूक!

पुण्यातला किस्सा जरा अवघड आहे. नोव्हेंबर १९२१. प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यावर देशभर बहिष्कार, तो उतरला त्या दिवशी मुंबईत दंगल. आणि त्याच आठवड्यात शाहूंनी त्याच्याच हातून या शिवस्मारकाची कोनशिला बसवून घेतली! मला हे खटकतं, आजही. पण इंग्रजांच्या भावी राजाला पुण्यात आणून शिवरायांना मान द्यायला लावणं, हा कुस्तीवेड्या राजाचा एक डावही वाटतो. दोन्ही खरं असेल.

पुतळा मात्र त्यांना दिसला नाही. ६ मे १९२२ ला, वयाच्या ४७व्या वर्षी, ते मुंबईत गेले. शिल्पकार करमरकरांनी घडवलेल्या पुतळ्याचं अनावरण व्हायला १९२८ उजाडलं.

सोमवारी डबा उघडता उघडता मी पणजोबांचं सांगून टाकलं. तो मित्र क्षणभर थांबला. 'मग त्या दिवशी बोलली का नाहीस?'

मी त्याच्यापुढे भाजीचा डबा सरकवला.