घोड्यांच्या मैदानावर इंजिने

इंग्लंडातल्या यॉर्क गावी जाणारे प्रवासी साधारणपणे दोन पंथांचे असतात. एक पंथ तिथले भव्य मिन्स्टर, म्हणजे प्रार्थनामंदिर, पाहायला जातो आणि दुसरा रेल्वे पाहायला. माझ्या अकरा वर्षांच्या नातवाच्या कृपेने माझी भरती दुसऱ्या पंथात झाली. लेक-जावई लीड्सला असतात. तिथून यॉर्क आगगाडीने अर्ध्या तासावर.

गाव मोठे देखणे आहे. रोमन लोकांनी इ. स. ७१ च्या सुमारास इथे छावणी घातली. पुढे बांधलेल्या तटावरून आजही फेरफटका मारता येतो. स्टेशन १८७७ सालचे. त्याचे लोखंडी कमानींचे छप्पर रुळांबरोबर असे डौलाने वळत गेले आहे, की गाडीतून उतरल्यावर माणूस क्षणभर सामान विसरतो. स्टेशनामागे १९७५ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पण आम्हांला त्या दिवशी तिथे जायचे नव्हते. ईस्टरच्या सुट्टीत यॉर्कच्या रेसकोर्सवर छोट्या रेल्वेचे प्रदर्शन भरते, आमची स्वारी तिकडे निघाली होती.

या मैदानाचे नाव नेव्ह्जमायर. १७३१ पासून इथे घोडे धावत आले आहेत. १७३९ साली डिक टर्पिन नावाचा गाजलेला दरोडेखोर इथेच फासावर गेला. अशा इतिहासप्रसिद्ध जागी, प्रेक्षकांच्या सज्ज्याखालच्या दालनांत, टेबले जोडून त्यांवर डोंगर, बोगदे, खेडी आणि स्टेशने मांडलेली! फलाटावर मुगाच्या दाण्याएवढी डोकी असलेले उतारू. आत शिरताच कानांवर एक बारीक घरघर येते. शंभर शिवणयंत्रे दूर कुठेतरी चालू असावीत तशी. पोरे पुढे, आजोबा मागे, आणि घरची बाईमाणसे चहाच्या टेबलाशी, अशी सर्वसाधारण विभागणी. मी मात्र पोरांत राहिले.

नातवाचे सारे लक्ष डिझेल इंजिनांवर. वाफेच्या इंजिनाचे वेड मला समजू शकते. त्याला धूर आहे, शिट्टी आहे, पुढेमागे होणारे दांडे आहेत. डिझेल इंजिन म्हणजे चाकांवरची पेटी! तिच्यात एवढे काय पाहायचे? माझ्या या प्रश्नाला उत्तर मिळाले ते एका उंच, चष्मा कपाळावर चढवलेल्या गृहस्थांकडून. ते म्हणाले, “बाईसाहेब, वाफेच्या इंजिनाच्या अंगावर इतके दागिने असतात की एखादी चूक त्यांत लपून जाते. डिझेलला दागिने नाहीत. नुसता चेहरा. नाक जरा बसके झाले, खिडकी केसभर वर गेली, की ओळखीचे माणूस अनोळखी दिसू लागते.”

त्यांनी हातात घेतले होते ते ‘डेल्टिक’ जातीचे इंजिन. खऱ्या डेल्टिकची कथा सांगण्यासारखी आहे. त्याची दोन्ही यंत्रे मुळात वेगवान लढाऊ नौकांसाठी घडवलेल्या जातीची होती. सिलिंडरांची मांडणी त्रिकोणी, ग्रीक लिपीतल्या ‘डेल्टा’ अक्षरासारखी, म्हणून हे नाव. प्रत्येक यंत्रात अठरा सिलिंडर आणि छत्तीस दट्टे. दोन्हींची मिळून शक्ती ३,३०० अश्वांची. १९६१ आणि १९६२ साली अशी बावीस इंजिने लंडन-यॉर्क-एडिंबरो मार्गावर आली आणि ताशी शंभर मैलांच्या वेगाने धावू लागली. २ जानेवारी १९८२ ला त्यांची निरोपाची गाडी निघाली. बावीसांपैकी सहा जतन करून ठेवली आहेत, बाकीची मोडीत गेली.

बावीसांतल्या चौदांना पलटणींची नावे होती आणि आठांना शर्यतीच्या घोड्यांची! म्हणजे घोड्यांच्या मैदानावर त्या दिवशी घोड्यांचीच नावे धावत होती. त्यांतले एक नाव वाचून मी थबकले. ‘टुलियार’. हा घोडा १९५२ सालची डर्बी जिंकला आणि त्याचे मालक होते तिसरे आगाखान. आपल्या पुण्यातला आगाखान पॅलेस ज्यांनी १८९२ साली बांधला, तेच. येरवड्याच्या रस्त्यावरून जाताना ज्या कमानी मी शेकडो वेळा पाहिल्या, त्यांचा धागा यॉर्कच्या टेबलावरच्या सव्वा वीत इंजिनापर्यंत येऊन पोहोचला होता.

हे सव्वा वीत मी अंदाजाने म्हणत नाही. इथे प्रमाण म्हणजे प्रमाण. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला चार मिलिमीटर. डेल्टिकची लांबी साडेएकोणसत्तर फूट, म्हणून नमुना बरोबर २७८ मिलिमीटर भरायला हवा. चष्मेवाल्या गृहस्थांनी खिशातून कॅलिपर काढून तो भरवून दाखवला. मग हळूच म्हणाले, “आता याची चाके पाहू नका.”

का बरे? तर ब्रिटिश छोट्या रेल्वेच्या पोटात एक जुनी तडजोड दडली आहे. रुळांचे अंतर साडेसोळा मिलिमीटर ठरले ते फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाने. पण ब्रिटिश इंजिने अंगाने सडपातळ. त्या काळची मोटार त्यांत मावेना. मग इंजिनाचे अंग चार मिलिमीटरच्या प्रमाणाने वाढवले आणि रूळ होते तिथेच ठेवले. परिणाम असा, की प्रौढ माणसाने धाकट्या भावाची विजार घालावी तशी दशा! रूळ हिशेबाने सात इंच अरुंद. बहुतेक लोक तिकडे काणाडोळा करतात. काही जण अंतर १८.२ मिलिमीटर करून घेतात. आणि अगदी सोवळ्यातली मंडळी १८.८३ खेरीज दुसऱ्या रुळाला शिवत नाहीत. चाके, आस, रूळ, सांधे, सगळे मग हाताने करावे लागते. “त्यांची गाडी फार सुंदर दिसते,” गृहस्थ म्हणाले, “कधीमधी धावतेसुद्धा.”

आपल्याकडचा हिशेब आणखी वेगळा. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचा नमुना साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणाने करून साडेसोळाच्या रुळावर ठेवला, तर तो साडेनऊ इंचांनी अरुंद पडतो. शिवाय त्या इंजिनाच्या प्रत्येक बोगीची तीन चाके सारख्या अंतरावर नसतात. ती सारखी दाखवली की जाणकार नाक मुरडतात. पुण्याहून सोलापूरला जाताना ज्या इंजिनाचा धूर मी वर्षानुवर्षे खाल्ला, त्याची चाके विषम अंतरावर आहेत हे मला यॉर्कला जाऊन कळावे, याला काय म्हणावे!

नव्या नमुन्याबरोबर एक इवलीशी पिशवी मिळते. तिच्यात ब्रेकच्या नळ्या, साखळ्या, हुक असे जिरेमोहरीएवढे तुकडे. चिमट्याने धरून, गोंदाचा थेंब सुईच्या टोकाने लावून ते इंजिनाच्या तोंडाशी बसवायचे. बसवले की चेहरा जिवंत होतो. पण वळणावर डबे जोडणारा आकडा त्या नळ्यांना अडतो आणि गाडी रुळांवरून घसरते. म्हणून शहाणा माणूस एकाच तोंडाला साज चढवतो आणि दुसरे तोंड डबे ओढायला मोकळे ठेवतो.

दालनाच्या कोपऱ्यात दुरुस्तीचे टेबल होते. माझे पाय तिथेच खिळले, कारण ती भाषा मला येत होती. बारा व्होल्टची मोटार, वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटारीत. म्हणजे चाकावर मळी साचली की इंजिन अडखळणार. तेल हवे, पण सुईच्या टोकावर राहील एवढेच. जास्त झाले तर ते मोटारीच्या तांब्याच्या कड्यावर जाते, धूळ धरते आणि वीज अडवते. चाळीस वर्षे शिवणयंत्र चालवलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही.

तिथे एक वृद्ध बाई आल्या. पर्समधून मऊ फडक्यात गुंडाळलेले जुने डेल्टिक काढले. यजमान रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांनी हा नमुना आपल्या हाताने रंगवला होता. ते जाऊन सहा वर्षे झाली. आता त्यांच्या पणतूला तो द्यायचा होता, पण इंजिन नुसते गुणगुणे आणि जागचे हलेना.

दुरुस्ती करणाऱ्याने चार स्क्रू काढून ते उघडले. आधी ओतीव सांगाडा भिंगाखाली धरला. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असेल तर वर्षांनी तो फुगतो, भेगाळतो आणि मग त्याला औषध नसते. सांगाडा धड होता. मग चिमट्याने एका आसाभोवती गुंडाळलेला करडा पुंजका ओढून काढला. बाई एकदम हसल्या. “आमची मांजर! ती तर त्यांच्याही आधी गेली.” चाकांवरची रबराची कडी वाळून खडखडीत झाली होती, ती बदलली. कार्बनचे ब्रश झिजले होते, तेही बदलले. दोन चाकांच्या पाठींमधले अंतर साडेचौदा मिलिमीटर आहे ना, हे ठोकळा घालून पाहिले.

एवढ्यात आमचे चष्मेवाले गृहस्थ तिथे आले आणि सवयीने वाकून पाहू लागले. “पुढचा पिवळा पट्टा चुकला आहे,” ते म्हणाले. “एका तोंडाला बरोबर, दुसऱ्याला बोटभर खाली. दुरुस्त करून देऊ का? दहा मिनिटांचे काम.”

बाईंचा चेहरा पडला. पण आवाज खणखणीत होता. “तो पट्टा असाच होता. धडक बसलेले नाक आमच्या यजमानांच्या शेडमध्ये पुन्हा रंगवले होते. ते स्वतः तिथे होते.”

टेबलाभोवती शांतता पसरली. गृहस्थांच्या पिशवीत आराखड्यांची जाड वही होती, छायाचित्रे होती. ती उघडली असती तर वाद जिंकणे अवघड नव्हते. त्यांनी वही उघडली, पण पान काढले कोरे. इंजिनाचा क्रमांक विचारला, साल विचारले, शेडचे नाव विचारले आणि बाई सांगतील तसे सावकाश लिहून घेतले. मग दुरुस्ती करणाऱ्याला म्हणाले, “रंगाला हात लावू नका. आराखडा कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा असतो. त्यानंतरचे शेडला ठाऊक.”

चार स्क्रू पुन्हा बसले. इंजिन चाचणीच्या रुळावर ठेवले. गुणगुणले, किंचित थबकले आणि निघाले. वाकडा पट्टा पुढे करून ते टेबलाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. बाईंनी ते पुन्हा एकदा चालवायला सांगितले. मग आणखी एकदा. रांगेतल्या कोणीही घड्याळ पाहिले नाही.

नातवाने मला विचारले, “आजी, पट्टा खरा की खोटा?” मी म्हटले, “तू मोठा हो, जुनी छायाचित्रे शोध आणि मला कळव.” त्याने लगेच गृहस्थांच्या वहीतला क्रमांक आपल्या तळहातावर लिहून घेतला.

ज्यांना यॉर्क लांब पडेल त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन जरूर जा. गाड्या तर पाहाच, पण एखादी थांबलेली दिसली तर ती पुन्हा चालू करणाऱ्याच्या हातांकडेही थोडा वेळ पाहा.