‘अ’ तुकडीचा हट्ट

जून उजाडला की देगलूरच्या माध्यमिक शाळांत पालकांची एकच विनवणी सुरू होते: नववीला आमचं लेकरू ‘अ’ तुकडीत बसवा. कागदावर पाहिलं तर ‘अ’ आणि ‘क’ यांत काहीच फरक नाही. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, दहावीच्या बोर्डाची प्रश्नपत्रिकाही तीच. तरीही पालकांचा हट्ट अडाणीपणाचा म्हणता येत नाही. मराठवाड्यातल्या अनेक शाळांत आठवीच्या गुणांवरून नववीच्या तुकड्या पाडतात. सेमी इंग्रजी ‘अ’ला मिळतं, गणित-विज्ञानाचे मुरलेले शिक्षक ‘अ’ला जातात आणि जादा तासही आधी तिथेच लागतात. हे गावाला ठाऊक असतं, म्हणून गाव रांग लावतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करताना हा वाद माझ्यासमोर सतत येतो. एका बाजूला ‘हुशार मुलांना वेगळं बसवा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘सगळी मुलं सारखी’ म्हणणारे. माझं मत या दोघांनाही पुरतं रुचणारं नाही. गुण पाहून वर्षभरासाठी पाडलेली तुकडी नववीत नसावी. गट लागतील तिथे जरूर करावेत, पण ते एका विषयापुरते, थोड्या आठवड्यांचे आणि सहज मोडता येणारे असावेत.

पहिला प्रश्न असा की, आठवीचे गुण नेमकं काय मोजतात? शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचं मूल्यमापन ज्या त्या शाळेकडेच असतं. त्यामुळे खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले सत्तर टक्के आणि शहरातल्या मोठ्या विद्यालयातले सत्तर टक्के एकाच मापाचे नसतात. त्यात देगलूर हे सीमेवरचं गाव. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. इथे मराठी शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. अशा मुलाला विज्ञानाच्या उत्तरात गुण कमी पडले, तर ते विज्ञान न कळल्यामुळे की मराठी वाक्य न जुळल्यामुळे, हे गुणपत्रक सांगत नाही. मुखेड-कंधारकडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेली, की वर्षाचा मधला भागच त्यांच्या हातून निसटतो. त्यांच्या गुणांत बुद्धीपेक्षा गैरहजेरीच जास्त दिसते. मग सेमीची चाळणी लागते. तिथे मुलाचं गणित किती पक्कं आहे यापेक्षा त्याची इंग्रजीशी किती ओळख आहे, हेच आधी पाहिलं जातं. इतक्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आकड्यावरून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची जागा ठरवायची आणि बोर्डाच्या परीक्षेपर्यंत ती हलवायची नाही, याला निदान म्हणता येणार नाही.

पातळीनुसार गट पाडण्याच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. एस्थर डुफ्लो, पास्कलिन द्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांत केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांचे आधीच्या गुणांवरून दोन वर्ग केले, बाकीच्या शाळांत मुलं सरमिसळ ठेवली. दीड वर्षानंतर गट पाडलेल्या शाळांतली मुलं पुढे होती, आणि त्यात खालच्या गटातली मुलंही होती. हा निष्कर्ष ‘अ’ तुकडीच्या समर्थकांना आवडेल, पण त्यातली मेख त्यांनी पाहायला हवी. तिथे कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं, आणि खालच्या वर्गाच्या शिक्षकाने शिकवण्याची पातळी मुलांपाशी आणली. आपल्याकडे याच्या उलट घडतं. चांगला शिक्षक वर सरकतो, ‘क’ तुकडीला तासिका तत्त्वावरचा शिक्षक मिळतो, आणि त्यानेही तोच धडा त्याच वेगाने उरकायचा असतो. म्हणजे गट पाडण्याचा फायदा आपण घेत नाही, फक्त त्याचा कलंक घेतो. आपल्या जवळचा दाखला ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवलं गेलं. मुलं सावरली. उरलेला दिवस ती आपल्याच वर्गात बसत होती.

यावर पालकांचा सर्वांत रास्त आक्षेप असा: मिश्र वर्गात हुशार मुलाचं नुकसान होतं, शिक्षक मधल्या मुलांच्या वेगाने चालतो. ही भीती खोटी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये आठवीला बीजगणिताचा पुढचा अभ्यासक्रम देणं बंद केलं आणि सगळ्यांना तो नववीत एकत्र शिकवायचं ठरवलं. पालकांचा रोष इतका वाढला की २०२४ मध्ये आठवीचं बीजगणित परत आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. वरची पायरी काढून टाकली म्हणून खालचा कोणी वर येत नाही. पण पायरी ठेवण्यासाठी वेगळी खोली लागतेच असं नाही. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन हायस्कूलच्या मंडळाने २०१० च्या डिसेंबरात नववीच्या मानव्यविद्यांच्या वर्गाबद्दल वेगळा मार्ग स्वीकारला. बहुतेक मुलांनी एकाच वर्गात बसायचं आणि वरच्या श्रेणीचं श्रेय वर्षभराच्या कामातून मिळवायचं. आपल्याकडे सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या, पण अभ्यासक्रम आणि वर्गातलं शिकवणं एकच ठेवलं. अवघड प्रश्न ज्याला हवा त्याला मिळावा, आणि कोणाला तो झेपेल हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवू नये, एवढंच यातून घ्यायचं.

दुसरा आक्षेप आपल्या भागाचा खास आहे: लातूर पॅटर्न निवडीवरच उभा राहिला ना? राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी लातूरचं नाव राज्यभर नेलं, हे मान्यच आहे. पण त्या यशात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक, दहावीच्या गुणांवर चाळून घेतलेली मुलं. दोन, कामाची पद्धत, म्हणजे अभ्यासक्रम लवकर संपवणं, पुन्हा पुन्हा सराव चाचण्या घेणं, उत्तरपत्रिका परत देऊन चुका दाखवणं आणि शंकानिरसनासाठी शिक्षकाने थांबणं. निकालाच्या जाहिरातीत कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे कधीच वेगळं करता येत नाही. गावोगावच्या शाळांनी मात्र यातली चाळणी तेवढी उचलली, कारण ती फुकट पडते. चाचणी तपासून मुलाशी बोलायला शिक्षकाचा वेळ लागतो. खरं तर ही पद्धत ‘क’ तुकडीला जास्त उपयोगी पडेल, कारण चूक कुठे झाली हे घरी सांगणारं त्या मुलांना सहसा कोणी नसतं. शिवाय अकरावीला मुलगा आपली शाखा स्वतः निवडतो. नववीत ती निवड शाळा करते आणि मुलाला त्याचा निकाल भिंतीवरच्या यादीतून कळतो.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकाला अपूर्णांक येत नाही आणि दुसरा वर्गसमीकरणाकडे झेपावतोय, अशा वेळी शिकवायचं कसं? असर २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुलं ४३.३ टक्केच होती. एवढी दरी एका फळ्यावर बुजत नाही. म्हणूनच वर्ग मिश्र असावा, पण काही तास गटांचे असावेत, असं मी म्हणते. नववीच्या सर्व तुकड्यांचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवला, तर आठवड्यातून दोन दिवस मुलांना गरजेप्रमाणे फिरवता येतं: एक खोली अपूर्णांक-भागाकाराची, एक चालू धड्याची, एक अवघड उदाहरणांची. दर सहा आठवड्यांनी छोटी चाचणी घ्यावी आणि गट बदलावेत. अवघड उदाहरणांच्या खोलीत यायला कोणालाही मनाई नसावी. यासाठी नवा शिक्षक लागत नाही, पण वेळापत्रक करणाऱ्याने डोकं लावावं लागतं आणि मुरलेल्या शिक्षकाने अपूर्णांकाच्या खोलीत जायची तयारी ठेवावी लागते. खरी अडचण या शेवटच्या अटीत आहे. सेमीच्या बाबतीत मात्र ही तोड अपुरी आहे. माध्यमच वेगळं असेल तर वर्ग वेगळा होणार. अशा वेळी निदान प्रवेश गुणांवर न देता मागणीवर द्यावा आणि मराठी माध्यमाच्या तुकडीला शिक्षक त्याच तोडीचे द्यावेत.

पालकांनी म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत आपल्या मुलाची तुकडी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ‘क’ तुकडीला गणित कोण शिकवतं? गेल्या वर्षी खालच्या तुकडीतून वरच्या तुकडीत किती मुलं गेली? आणि अवघड उदाहरणं सोडवण्याची मुभा कोणाकोणाला आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर ‘अ’ तुकडीतल्या पालकांनीही सावध व्हावं. जिथे मुलांचं शिकणं वर्षभर कोणी तपासून पाहत नाही, तिथे वर बसलेल्या मुलाचंही खरंच काही वाढतंय का, हे शाळेला ठाऊक नसतं.