स्वस्तातला ‘फ्लॅगशिप’ आणि चार वर्षांचा हिशेब

फ्लॅगशिप हा शब्द आरमारातला. ज्या जहाजावर आरमाराचा प्रमुख असतो आणि ज्याच्यावर त्याचे निशाण फडकते, ते फ्लॅगशिप. मोबाइल कंपन्यांनी हा शब्द उचलला आणि आपल्या सर्वांत भारी, सर्वांत महाग फोनला लावला. पुढे त्याच्याआधी ‘बजेट’ हा दुसरा शब्द येऊन बसला. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही जोडी ऐकताच शंका येते. काटकसरीचे शाही दस्तरखान म्हणावे तसे हे आहे. दस्तरखान शाही असेल तर काटकसर कुठे केली, आणि काटकसर केली असेल तर शाही काय उरले, एवढे विचारूनच जेवायला बसावे.

यंदा हे प्रश्न आमच्या घरातच आले. थोरली बारावी झाली. तिला पुण्याला संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. सोलापूरहून पुणे फार दूर नाही, पण घर सोडून राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. तिच्याकडचा जुना फोन दुपारीच मान टाकायचा, म्हणून नवा घ्यायचा हे ठरले होते. पैसा होता तो तिच्या अम्मीच्या भिशीचा. सोळा जणींची भिशी, महिन्याला दोन हजार, म्हणजे हातात ३२,००० रुपये. आमच्या दोघांच्या मनात त्यातले काही लॅपटॉपसाठी राखून ठेवायचे होते. लेकीच्या मनात मात्र तीस हजारांचा एक फोन भरला होता. दुकानदारही म्हणाला, “सर, साठ-सत्तर हजारांच्या फोनची ताकद आहे यात.” आणि लेकीचे पालुपद एकच, “अब्बू, प्रोसेसर तो वहीच है ना!”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. या जातीच्या फोनचा जन्मच त्या वाक्यावर झाला आहे. २०१४ साली वनप्लस कंपनीने आपला पहिला फोन ‘फ्लॅगशिप किलर’ म्हणून आणला. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या फोनच्या तोडीची चिप, आणि किंमत जवळजवळ निम्मी. २०१८च्या ऑगस्टमध्ये शाओमीचा पोको एफ१ आपल्याकडे २०,९९९ रुपयांपासून आला. त्यात स्नॅपड्रॅगन ८४५ ही त्या वर्षाची सर्वांत वरची चिप होती. तीच चिप असलेला वनप्लस ६ त्या वेळी ३४,९९९ रुपयांपासून मिळत होता. १४ हजारांचा फरक! तरुण पोरे त्यावर तुटून पडली तर नवल नाही.

पण हे १४ हजार आले कुठून? कुठलीही कंपनी खिशातून घालून फोन विकत नाही. पोको एफ१ची पाठ काचेऐवजी प्लॅस्टिकची होती. फोन टेकवून पैसे देण्याची किंवा माहिती घेण्याची एनएफसी सोय त्यात नव्हती. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्सची यंत्रणा कॅमेऱ्यात नव्हती. आणि एक गंमत अशी की, एवढी ताकदवान चिप असूनही सुरुवातीला त्यावर काही कंपन्यांचे चित्रपट पूर्ण स्पष्टतेने दिसतच नव्हते, कारण त्यासाठी लागणारे वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र फोनला नव्हते. ते पुढे अपडेटमधून मिळाले. यात फसवणूक काही नव्हती. यादीत सगळे लिहिलेले होते. फक्त यादीतली पहिली ओळ मोठ्या अक्षरात होती आणि बाकीच्या ओळी बारीक अक्षरात.

म्हणून आम्ही लेकीला सांगितले, तुझ्या आवडीच्या फोनची पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी वाचू. दोन संध्याकाळी तेच केले. जे समजले ते वाचकांच्या कामी यावे म्हणून इथे देत आहोत.

पहिली गोष्ट उष्णतेची. भारी चिप काम करते तेव्हा तापते. महागड्या फोनमध्ये ती उष्णता पसरवून बाहेर काढण्यावर खर्च केलेला असतो. स्वस्तात तो हात आखडला, तर फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग आपणहून कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग पहिली काही मिनिटेच. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. अशा हवेत पत्र्याखालच्या खोलीत कुठलाच फोन जाहिरातीतल्यासारखा पळत नाही. उष्णता बॅटरीचीही वैरी आहे. अर्ध्या तासात भरणारा चार्जर कौतुकाचा खरा, पण फोन तापलेला असताना रोज त्याच चार्जरवर लावला तर बॅटरी लवकर म्हातारी होते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. पाठीवर तीन डोळे दिसतात, पण त्यातला एखादा नुसता २ मेगापिक्सेलचा, फार जवळचे टिपण्यासाठी, म्हणून बसवलेला असतो. तो संख्या वाढवायला. खरे काम एकाच डोळ्याचे. भर उन्हात सगळेच फोटो छान येतात. परीक्षा होते ती संध्याकाळच्या लग्नाच्या मंडपात, किंवा मागच्या बाकावरून फळ्याचा फोटो घेताना. मेगापिक्सेल किती यापेक्षा फोटो टिपणारा सेन्सर केवढा आणि ती स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे की नाही, हे विचारावे. त्या यंत्रणेला ओआयएस म्हणतात. यादीत ही तीन अक्षरे शोधावीत.

तिसरी गोष्ट पाण्याची. यादीत आयपी हे शब्द आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासून किती बचाव, दुसरा पाण्यापासून किती. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि फोन पाण्यात बुडाला तरी काही काळ टिकेल अशी चाचणी झालेली. आयपी५४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसेल, बुडणे नाही. पुण्याच्या पावसात बसला लटकून जाणाऱ्या मुलीसाठी हा फरक लहान नाही. त्यातही पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत येत नाही.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती अपडेट्सची. फोनच्या प्रणालीत सुरक्षेची भोके सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. बुजवणे थांबले की फोन चालतो, पण कुलूप नसलेल्या घरासारखा. लेकीच्या फोनमध्ये तिचे बँक खाते, फीच्या पावत्या, रेल्वेचे तिकीट, आधारची प्रत असे सगळे असणार. पोको एफ१ अँड्रॉइड ८.१ वर आला आणि कंपनीने त्याला अँड्रॉइड १० पर्यंत नेले, पुढे नाही. चिपमध्ये मात्र आणखी कितीतरी वर्षांची ताकद शिल्लक होती. पैलवान तगडा, पण खुराक बंद. अलीकडे चित्र सुधारले आहे. गुगलने २०२३ साली पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलक्सी एस२४ला ७ वर्षांच्या अपडेट्सचे वचन दिले. हे झाले महाग फोन. पण त्याच २०२४ साली आलेल्या गॅलक्सी ए१६ ५जी या साध्या फोनलाही ६ वर्षांचे वचन मिळाले, आणि त्याची किंमत १९ हजारांच्या आत होती. म्हणजे हे वचन किमतीवर अवलंबून असतेच असे नाही. तीस हजारांचा फोन याबाबतीत साध्या फोनच्या मागे असू शकतो. लेक चार वर्षे शिकणार, म्हणून आम्ही मोजमापच तसे ठेवले. चौथ्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत अपडेट येत राहतील का?

पाचवी गोष्ट दुरुस्तीची. काच फुटली, चार्जिंगचा पॉइंट बिघडला तर कंपनीचे सेवा केंद्र गावात आहे का? त्या मॉडेलचा डिस्प्ले केवढ्याला आणि किती दिवसांत मिळतो? फोन घेण्याआधीच केंद्रात जाऊन ही किंमत विचारावी. आम्ही विचारली. तीस हजारांच्या त्या फोनच्या डिस्प्लेचा आकडा ऐकून लेकीची अम्मी म्हणाली, “एवढ्यात तर माझे सहा महिने गेले.” तिचा हिशेब भिशीच्या हप्त्यांत असतो.

आणखी एक गोष्ट हप्त्यांची. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. म्हणून आता व्याज लावले जाते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवली जाते. कागदावर व्याज राहतेच. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी ग्राहक भरतो, वर प्रोसेसिंग फी. समजा व्याजाचा भाग १,८०० रुपये दाखवला, तर ३२४ रुपये कर झाला. रक्कम छोटी आहे. पण आपल्यापैकी जे सूदापासून दूर राहू इच्छितात त्यांनी पाटी न वाचता करारनामा वाचावा आणि मग आपल्या जाणत्या आलिमांना विचारावे. नाव बदलल्याने व्यवहार बदलतो का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यासारखा आहे. आमच्याकडे भिशीचे रोख पैसे होते, म्हणून हा पेच आला नाही.

हे सगळे वाचून बजेट फ्लॅगशिप वाईटच असे कोणी समजू नये. आमचा भाचा लग्नाचे व्हिडिओ फोनवरच जोडून देतो. त्याची ती कमाई आहे. त्याला चिपची ताकद रोज लागते आणि तिसऱ्या वर्षी फोन बदलला तरी तो खर्च भरून निघालेला असतो. त्याच्यासाठी हा सौदा चोख आहे. त्याने मात्र एक सांगितले ते ध्यानात ठेवावे. मोठे व्हिडिओ संगणकावर घेताना अशा काही फोनचा यूएसबी पॉइंट जुन्या पद्धतीचा, यूएसबी २.० निघतो. तो सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट देतो, नवा त्याच्या दसपट. तेवढ्यात चहा पिऊन होतो, असे तो हसून म्हणाला.

लेकीने मग एका कागदावर लिहून काढले की ती फोनवर दिवसभर काय करते. व्याख्यानांचे व्हिडिओ, पीडीएफ, व्हॉट्सॲप, नकाशा, पैसे देणे-घेणे, घरी व्हिडिओ कॉल, कधी एखादा खेळ. खेळ सोडला तर त्यातल्या कशालाही सर्वांत वरची चिप लागत नव्हती. प्रोग्राम लिहायचे तर ते फोनवर होणार नव्हते, त्यासाठी लॅपटॉपच हवा. कागद बराच वेळ तिच्या हातात होता. मग ती म्हणाली, “खेळ थोडा अडकेल, अब्बू. चालेल.” तिला वाईट वाटले हे दिसत होते. मैत्रिणींच्या हातात काय असेल हेही तिच्या मनात असणार. अठराव्या वर्षी ते मनात यावेच. आम्ही त्यावर उपदेश केला नाही.

१९ हजारांच्या आतला एक साधा फोन घेतला. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. सहा वर्षांच्या अपडेट्सचे वचन, सेवा केंद्र सोलापुरातही आणि पुण्यातही. कॅमेरा बरा आहे, रात्री कमी पडतो. मोठे ॲप उघडताना क्षणभर थांबतो. उरलेले १३ हजार लॅपटॉपच्या खात्यात गेले. अजून बरीच भर घालायची आहे.

काही वाचक विचारतील, तेवढ्याच पैशांत गेल्या-त्यागेल्या वर्षीचा खरा फ्लॅगशिप जुना म्हणून का घेऊ नये? घ्यावा, पण बॅटरी कितपत उरली आणि अपडेट्सची किती वर्षे शिल्लक आहेत ते पाहून. आणि फोन चोरीचा नाही ना, हे तपासून. *#०६# दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला, की त्या क्रमांकाची माहिती येते. केवायएम इंग्रजी अक्षरांत लिहावे. बिल आणि खोका मागून घ्यावा. नव्या फोनबद्दल दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

दुकानात जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. अपडेट किती वर्षे? सेवा केंद्र कुठे? डिस्प्ले केवढ्याला? पाण्याचा आकडा काय? आणि जी चिप मिळते आहे ती आपण रोज कशाला वापरणार? पाचव्याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. ते घरूनच न्यावे लागते, आणि ज्याच्या हातात फोन राहणार आहे त्यालाच ते लिहू द्यावे. आमच्या घरी निर्णय झाला तो त्या कागदावर, आमच्या शब्दावर नाही. म्हणूनच पुण्याला जाताना लेकीने तो फोन कुरकूर न करता बॅगेत ठेवला. लॅपटॉपही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होईल, इन्शाअल्लाह.