घरबसल्या शिक्षण

सन २०२१ पासून महाराष्ट्रात मोटारीचा शिकाऊ परवाना 'आधार'च्या साह्याने घरबसल्या मिळू लागला. आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांनी अठरा वर्षे पूर्ण होताच बोरगाव मेघे येथे घरीच रस्ता-सुरक्षेची चित्रफीत पाहिली, परीक्षा दिली, व उत्तीर्ण होताच नागपुरास गाडी नेण्याची परवानगी मागितली! आम्ही ती दिली नाही. चिन्हे व नियम पडद्यावर कळतात. परंतु बैलगाडी अकस्मात् आडवी आली असता हात व मन स्थिर ठेवणे रस्त्यावरच साधते. कायद्यानेही पक्क्या परवान्याच्या परीक्षेपूर्वी निदान ३० दिवस राखून ठेविले असून, तोवर गाडीवर 'एल' अक्षर व शेजारी परवानाधारक शिकविणारा आवश्यक केला आहे. पालकहो, ते शेजारचे आसन रिकामे ठेवू नका. आणि विद्यार्थिमित्रहो, वय भरेपर्यंत मोटारीची किल्ली मागू नका.