पन्नास हजार टाके

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं दोघीं बहिणींनीं एक धाडस आरंभिलें. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा चित्रकार योहानेस व्हर्मेर यानें 1669-70 च्या सुमारास काढलेलें ‘लेस विणणारी’ हें चित्र फुलीच्या टाक्यानें भरावयाचें! मूळ चित्र पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत असून तें सुमारें 24 सेंटिमीटर उंच व 21 सेंटिमीटर रुंद, म्हणजे एखाद्या वहीएवढेंच आहे. पिवळा पोशाख केलेली एक तरुणी मान लववून हातांतील कामाकडे पाहत आहे. यापलीकडे त्यांत कांहीं घडत नाहीं. दोऱ्याचें चित्र दोऱ्यानेंच भरावें, ही कल्पना आम्हांस फार गोड वाटली.

आजीनें आम्हांस फुलीचा टाका शिकविला होता, तो मॅटीवर पोपट व गुलाब भरण्यापुरता. तेथें भोंवतालचें कापड मोकळेंच राहतें. येथें मात्र मागची रिकामी भिंतदेखील टाक्यांनींच झाकावयाची. इंचास 25 धाग्यांचें कापड आणलें. त्यावर एक टाका जेमतेम एक मिलिमीटरचा. रुंदीस 210 व उंचीस 240, म्हणजे एकूण 50,400 टाके! तासास शंभर पडले तरी 504 तास. हा हिशेब आम्हीं आईपासून लपवून ठेविला.

चेहऱ्यापेक्षां भिंतच कठीण, हें कोणास खरें वाटेल? दुरून ती एकरंगी दिसते. पण आराखड्याच्या शंभर घरांत करड्या, पिवळसर, निळसर अशा अकरा छटा निघाल्या, आणि त्याही एक येथें, एक तेथें. दर दोन टाक्यांस सुई बदलावी लागे. उलट, डावीकडील उशींतून बाहेर पडणारे तांबडे-पांढरे दोरे म्हणजे जवळून नुसते रंगाचे ओघळ. भरतांना कांहींच समजेना. चार हात मागें सरलों, तेव्हां दोरे दिसूं लागले.

सप्टेंबरांत एके सकाळीं भरलेल्या भिंतीवर तिरपें ऊन पडलें आणि तिचे दोन तुकडे दिसले. एक उजळ, एक मंद. रंग तर तेच! फुलींत दोन तिरके टाके असतात. वरचा टाका सर्वत्र एकाच दिशेस हवा, नाहींतर दोऱ्याची चकाकी बदलते. आम्ही आळीपाळीनें भरीत होतों. एकीचा वरचा टाका उजवीकडे झुके, दुसरीचा डावीकडे. चूक कोणाची, हें येथें लिहीत नाहीं. घरांत त्यावर पुष्कळ बोलणें झालें, आणि मग आठ दिवस आम्हां दोघींत मुळींच झालें नाहीं. “समोरून कोणास दिसणार?” असें एकीचें म्हणणें, आणि तें खोटें नव्हतें.

आजीनें भिंग लावून सारें पाहिलें. “माझ्या पोपटांत असलें कांहीं कोणीं पाहिलें नसतें गं,” एवढेंच म्हणून तिनें लहान कात्री दोघींच्या मध्यें ठेविली.

ज्या बाजूचे टाके कमी होते, ती बाजू उसवावयाचें ठरलें. ते 2,340 भरले. कापडाचा धागा तुटूं नये म्हणून एकीनें दिवा धरावयाचा व दुसरीनें कापावयाचें. अशा अकरा रात्री गेल्या. अबोला मात्र पहिल्याच रात्रीं संपला, कारण दिवा इकडे-तिकडे सरकविण्यास सांगावेंच लागे.

आज 31,600 टाके झाले आहेत. तरुणीच्या बोटांमधले ते दोन बारीक, ताठ दोरे अद्याप भरावयाचे आहेत. ते कोणीं भरावे, यावर सध्यां वाद चालू आहे.