वाघोरा नदीच्या काठी आई

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब अजिंठ्याला गेलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले. पण "एकदा लेणी दाखव रे" हा तिचा धोशा जुना. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून रविवार गाठला. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने गेलो.

वाघोरा नदी इथे डोंगर कापत घोड्याच्या नालासारखी वळली आहे. त्या वळणाच्या उभ्या कड्यात तीस लेणी ओळीने कोरलेली. पावसाळ्यात वरच्या सातकुंडातून पाणी कोसळते. आम्ही गेलो तेव्हा दगडांमधून बारीक धार तेवढी होती. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तोवर बाहेरच्या जगाला या घळीचा पत्ता नव्हता.

पायथ्याशी डोलीवाले उभे होते. खुर्चीला दांडे बांधलेले, चौघे खांदा देतात. मी भाव ठरवला, तर आई मागे सरली.

"माणसाच्या खांद्यावर बसून भगवंताला भेटायला जाऊ? तुझ्या बापानं आयुष्यभर हमाली केली."

त्यांच्यातला वयस्कर माणूस हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची चूल कशी पेटायची?"

आईला उत्तर सुचले नाही. मलाही नाही. युनियनच्या सभेत श्रमप्रतिष्ठेवर मी तासभर बोलतो! शेवटी ती खाली नदीकाठीच बसली. तिने देऊ केलेले पैसे त्या माणसाने घेतले नाहीत.

आम्ही वर जाऊन आलो. दहाव्या लेण्यावर दर्शनी भागाचे दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे काही मला दिसली नाहीत. सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे मुले आपोआप गप्प झाली. आई इथे हवी होती, हे राहून राहून वाटले.

खाली आलो तर आई कड्याकडे टक लावून बसलेली. "भिक्खू पाणी कुठून नेत असतील रे?" लेण्यांमधून नदीपर्यंत दगडात पायऱ्या खोदलेल्या होत्या, आता बहुतेक नाहीशा झाल्या, असे मी सांगितले.

"म्हणजे तेसुद्धा चढायचे तर," ती म्हणाली. मग परतीच्या बसमध्ये, बऱ्याच वेळाने, "त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला किती खर्च येतो, विचार जरा."